हॉस्पिटलचं मेडिकल: लायसन एका खोलीचं, औषधं सगळ्या मजल्यांवर

हॉस्पिटलच्या आतलं मेडिकल आणि नाक्यावरचं मेडिकल यांत कायदा फारसा फरक करत नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, त्याखालचे १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा दोघांनाही सारखेच लागू होतात. फरक आहे तो मालाच्या वाटांचा. नाक्यावरच्या दुकानातून औषध काउंटरवरून बाहेर पडतं आणि विषय संपतो. हॉस्पिटलमध्ये तेच औषध वॉर्डात जातं, ओटीत (शस्त्रक्रियागृहात) जातं, क्रॅश कार्टवर (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीवर) महिनोन्‌महिने बसतं आणि डिस्चार्जच्या दिवशी निम्मं परत येतं. लायसन मात्र एका विशिष्ट खोलीचं आणि एका विशिष्ट मालकाचं असतं. ठाणे-नवी मुंबईतल्या तीस-चाळीस खाटांच्या हॉस्पिटलांना तपासणीत जे शेरे मिळतात, त्यांतले बरेचसे या तफावतीतून येतात. म्हणून अर्ज भरण्याआधी दोन गोष्टी कागदावर मांडून घ्या: मेडिकल नक्की कोणाचं आणि माल नक्की कुठे कुठे राहणार.

कोणाच्या नावावर

दोन मार्ग आहेत. हॉस्पिटल ज्या नावाने चालतं (डॉक्टरांची प्रोप्रायटरशिप, भागीदारी, कंपनी, ट्रस्ट) त्याच नावाने लायसन घ्यायचं, किंवा जागा वेगळ्या फर्मला देऊन त्या फर्मच्या नावाने घ्यायचं. दुसऱ्या मार्गात नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार आणि जागामालकाची संमती लागते. नवी मुंबईत जमीन बहुतेक ठिकाणी सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असल्याने कागदांची साखळी लांब होते: सिडको ते मूळ पट्टेदार, तिथून सोसायटी किंवा बिल्डर, तिथून हॉस्पिटल, हॉस्पिटलकडून मेडिकलची फर्म. मधला एक कागद जरी नसला तरी अर्ज शंका काढून परत येतो. इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसेल किंवा जागा राहण्याच्या वापराची असेल, तर त्याचा निकाल आधी लावा, रॅकचं फर्निचर नंतर.

फर्म वेगळी असेल तर वॉर्डाला गेलेला माल हा एका पक्षाने दुसऱ्या पक्षाला केलेला पुरवठा ठरतो. शेड्यूल एच आणि एक्सची (नियमांतल्या या याद्यांतली, चिठ्ठीवरच द्यायची) औषधं हॉस्पिटल किंवा नर्सिंग होमला द्यायची, तर सही असलेली लेखी ऑर्डर हवी आणि ती दोन वर्षं जपायची, असं नियम ६५ सांगतो. इंटरकॉमवर "सिस्टर, दहा ॲम्प्यूल पाठवते" म्हणणं ऑर्डर होत नाही.

डॉक्टर दांपत्य प्रोप्रायटरशिपवर हॉस्पिटल सुरू करतं आणि पाच वर्षांनी सीएच्या सल्ल्याने प्रायव्हेट लिमिटेड करतं. बँक, जीएसटी, नर्सिंग होम नोंदणी सगळं बदलतं, फक्त मेडिकलचं लायसन जुन्या नावावर राहतं. मालकीच्या घटनेत बदल झाला की जुनं लायसन जास्तीत जास्त तीन महिने चालतं. तेवढ्यात नवीन घेतलं नाही, तर चौथ्या महिन्यापासूनची सगळी विक्री विनापरवाना. भागीदार निघाला किंवा नवा आला, तरी हेच.

ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिकेचं रुग्णालय यांच्यासारख्या शासकीय आणि पालिकेच्या रुग्णालयांतून रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधांना शेड्यूल के खाली विक्री परवान्यातून सूट आहे. ती बिनशर्त नाही. औषधवाटप पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावं, साठवण योग्य असावी, खरेदीच्या नोंदी असाव्यात, आणि औषध निरीक्षकाला जागा पाहता यावी व नमुने घेता यावेत. त्याच आवारात कंत्राटावर चालणाऱ्या खासगी मेडिकलला मात्र ही सूट मिळत नाही. खासगी हॉस्पिटलं कधी कधी दुसऱ्या एका सुटीचा आधार घेतात: डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला औषध दिलं तर लायसन लागत नाही. खरं आहे, पण खुलं दुकान किंवा काउंटरवरची विक्री नसेल तेव्हाच. रस्त्याकडे खिडकी काढली, दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध दिलं, की ती सूट गेली.

कोणतं ऑफिस

पत्त्यावर "नवी मुंबई" लिहिलेलं असतं म्हणून फसू नका. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. अन्न व औषध प्रशासनाचा कारभार जिल्ह्यांनुसार चालतो. बेलापूरला एक आणि एकच स्टेशन पुढे खारघरला दुसरी शाखा असलेल्या हॉस्पिटलचे अर्ज दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे जातात. बेलापूरच्या स्टोअरमधून खारघरच्या मेडिकलला विक्रीसाठी माल पाठवायचा असेल, तर किरकोळ लायसनवर ते चालणार नाही. तो घाऊक व्यवहार झाला आणि त्याला २० बी, २१ बी ही घाऊक विक्रीची लायसनं लागतात.

कोणती लायसनं

साध्या मेडिकलला दोन: फॉर्म २० आणि फॉर्म २१. दोन्हींचा अर्ज फॉर्म १९ मध्ये, आता ऑनलाइन. शुल्क प्रत्येक लायसनला १,५०० रुपये. फॉर्म २० सर्वसाधारण औषधांसाठी असतो. फॉर्म २१ शेड्यूल सी आणि सी-१ साठी, म्हणजे लसी, सिरम, इन्सुलिन, शिरेतून किंवा स्नायूत द्यायची इंजेक्शनं, सलाइन, टाके घालायचे धागे आणि सी-१ मधली तोंडी अँटिबायोटिक्स, व्हिटॅमिन्स. हॉस्पिटलच्या मेडिकलचा निम्म्याहून जास्त धंदा फॉर्म २१ वर चालतो, त्यामुळे "आधी २० काढू, २१ नंतर बघू" हा विचार सोडा.

तिसरं लायसन विसरलं जातं ते फॉर्म २० एफ, शेड्यूल एक्ससाठी. ओटी असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आमचा भूलतज्ज्ञ केटामीन वापरतो का? वापरत असेल तर केटामीन शेड्यूल एक्समध्ये आहे आणि २० एफ नसताना ते मेडिकलमध्ये ठेवणं गुन्हा आहे. लहान मुलांचा मानसोपचार विभाग असेल तर मिथाइलफेनिडेटचंही तेच. याचा अर्ज वेगळा, फॉर्म १९ सी. बरीच हॉस्पिटलं २० आणि २१ घेऊन थांबतात आणि केटामीन "डॉक्टर स्वतः आणतात" असं सांगतात. बिल मात्र रुग्णाच्या खात्यावर मेडिकलमधून निघालेलं असतं. तपासणीत हे पाच मिनिटांत दिसतं.

मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन या सहा औषधांना अत्यावश्यक अंमली औषधं म्हणतात. एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१५ च्या नियमांनी त्यांच्यासाठी वेगळी वाट केली. त्यासाठी हॉस्पिटलला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून मान्यता घ्यावी लागते. किमान एक डॉक्टर वेदनाशमनासाठी या औषधांच्या वापराचं प्रशिक्षण घेतलेला असावा, दरवर्षी पुढच्या वर्षाच्या गरजेचा अंदाज द्यावा, प्रत्येक ॲम्प्यूलची नोंद ठेवावी. ही मान्यता हॉस्पिटलला मिळते. मेडिकल वेगळ्या फर्मचं असेल तर तिच्या २० एफवर ही औषधं आणता येतील, असं समजू नका.

खोली मोजताना

किरकोळ विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर. घाऊक आणि किरकोळ एकाच जागेत असेल तर १५. आकडा सोपा वाटतो, तरी अर्ज इथेच अडतात.

उदाहरण घ्या. घोडबंदर रोडवरच्या एका नव्या इमारतीत तळमजल्यावर १० फूट बाय ११ फुटांची खोली मिळाली. ११० चौरस फूट म्हणजे १०.२२ चौरस मीटर, काठावर पास. मग इंटिरिअरवाला येतो, चारही भिंतींना प्लाय आणि लॅमिनेटचं पॅनेल मारतो, बाजूला दोन-दोन इंच जातात. आता आतलं माप ९ फूट ८ इंच बाय १० फूट ८ इंच. गुणाकार करा: जेमतेम १०३ चौरस फूट, ९.५८ चौरस मीटर. निरीक्षक टेप लावतो तो पॅनेलपासून पॅनेलपर्यंत. त्यात एखादा कॉलम आत आला असेल तर आणखी कमी. बिल्डरच्या कागदावरचा बिल्टअप आकडा इथे कामाचा नाही. आतलं माप किमान ११ ते १२ चौरस मीटर धरून जागा घ्या. हॉस्पिटलच्या मेडिकलला खरंतर तेवढंही पुरत नाही. चाळीस खाटांना सलाइनचे खोकेच अर्धी भिंत खातात.

नकाशा आर्किटेक्टकडून काढून घ्या, हाताने काढलेला नको. त्यात खोलीची लांबी-रुंदी मीटरमध्ये, दरवाजे, काउंटर, रॅक, फ्रिज, शेड्यूल एक्सचं कुलूपबंद कपाट आणि एक्सपायरी मालाची जागा दाखवा. सोबत की-प्लॅन, म्हणजे इमारतीत ही खोली कुठल्या मजल्यावर, कशाच्या शेजारी. खोलीतून डॉक्टरांच्या केबिनमध्ये किंवा पॅन्ट्रीत जाणारा दरवाजा असेल तर तो आधीच बंद करा. दुसऱ्या खोलीची वाट मेडिकलमधून जात असेल, तर ती जागा स्वतंत्र मानली जात नाही.

बोर्डवर काय लिहायचं यालाही नियम आहे. औषधं बनवून देण्याची सोय नसेल आणि फक्त तयार पाकिटं विकायची असतील, तर "केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स" लिहावं. "फार्मसी" हा शब्द कम्पाउंडिंगची सोय असलेल्यांसाठी आहे आणि त्यांना शेड्यूल एन लागू होतं: एका फार्मासिस्टसाठी औषध बनवायची जागा किमान ६ चौरस मीटर, पुढच्या प्रत्येकामागे २ चौरस मीटर जादा, छताची उंची किमान २.५ मीटर, गुळगुळीत धुता येईल अशी फरशी, भरपूर पाणी, विषारी द्रव्यांचं वेगळं कपाट. ठाण्या-वाशीत काचेवर निळ्या अक्षरांत "फार्मसी" लिहिलेली हॉस्पिटलं जागोजागी आहेत. त्यांतल्या किती जणांकडे खल-बत्ता आणि मोजपात्रं असतील, ते तुम्हीच बघा.

मुख्य साठा तळघरात ठेवू नका. नवी मुंबईचा मोठा भाग खाडी भरून उठवलेला आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नाल्यातलं पाणी खाडीत उतरत नाही, म्हणूनच सिडकोने धारण तलाव बांधले. अशा दिवशी तळघरात आधी गटाराचं पाणी वर येतं. खोकी जमिनीपासून निदान सहा इंच वर, भिंतीपासून हातभर सोडून. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा इतका असतो की जिलेटिनच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात, ओआरएसचे पुडे दगड होतात आणि खोक्यांवरची लेबलं सुटतात. "२५ अंशांच्या खाली ठेवा" असं लिहिलेला माल रोजच्या रोज असतो, तेव्हा एसी चोवीस तास चालायला हवा. रात्री काउंटर बंद केला म्हणून एसी बंद करणाऱ्यांच्या खोलीचं तापमान मे महिन्यात पहाटेपर्यंत तिशीच्या वरच राहतं. भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारा मीटर लावा आणि रोज दोन वेळा आकडा लिहा.

लायसनच्या भिंतीबाहेरचा माल

औषधं एकाहून जास्त ठिकाणी विकली किंवा साठवली जात असतील, तर प्रत्येक जागेचं लायसन वेगळं. तळमजल्यावर ओपीडीचं काउंटर, तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट रुग्णांसाठी दुसरं काउंटर, टेरेसवर सलाइनची खोली: या तीन जागा आहेत. एका लायसनवर तीन जागा चालत नाहीत. स्टोअररूम मेडिकलला लागून असेल तर ती मूळ नकाशातच दाखवा. दुसऱ्या मजल्यावर असेल तर तिचा वेगळा अर्ज करा किंवा तो साठाच ठेवू नका.

मग वॉर्डातल्या कपाटाचं काय? नर्सिंग स्टेशनवर आणि ओटीत आपत्कालीन साठा लागतोच. तो विक्रीचा माल राहू नये, हे महत्त्वाचं. व्यवस्था अशी करा. प्रत्येक वॉर्डासाठी औषधांची ठरलेली यादी आणि ठरलेली संख्या लिहून काढा, जसं अॅड्रेनलिन १०, अॅट्रोपिन १०, हायड्रोकॉर्टिसोन ५. यादीवर भूलतज्ज्ञ किंवा मेडिकल सुपरिंटेंडेंटची सही. वापरलं ते रुग्णाच्या नावाच्या चिठ्ठीने त्याच शिफ्टमध्ये भरून घ्यायचं. इंडेंट (मागणी) वहीच्या पानावर तारीख, वेळ, रुग्णाचं नाव, आयपीडी (ॲडमिट रुग्णाचा) नंबर, औषध, संख्या, डॉक्टरची सही, देणाऱ्याची सही आणि बॅच नंबर. शेवटचा रकाना भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो. पण एखादी बॅच बाजारातून परत मागवली गेली की तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात ती आहे की नाही, हे दुसऱ्या कुठल्याच कागदावरून कळत नाही.

तीव्र पोटॅशियम क्लोराइडचे ॲम्प्यूल वॉर्डाच्या सर्वसाधारण ट्रेमध्ये ठेवू देऊ नका. डिस्टिल्ड वॉटरसारखे दिसतात, न मिसळता शिरेत गेले तर हृदय थांबतं. मेडिकलमध्येही त्यांची जागा वेगळी, लाल पट्टीची, आणि दिसायला किंवा नावाला सारख्या औषधांच्या मध्ये दुसरं काहीतरी.

फ्रिज

इन्सुलिन, लसी, ऑक्सिटोसिन, कार्बोप्रोस्ट, सक्सामेथोनियम, अॅट्राक्युरियम यांना २ ते ८ अंश लागतात. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिज घेतला असेल तर त्याच्या मागच्या भिंतीत थंड हवेची जाळी असते. तिला टेकून ठेवलेलं इन्सुलिन गोठतं, तर दारातल्या कप्प्यात १० अंशांच्या पुढे जातं. एकाच फ्रिजमध्ये, एकाच वेळी. म्हणून माल मधल्या दोन कप्प्यांत, मागच्या भिंतीपासून चार बोटं सोडून, खोक्यांमधून हवा खेळेल असा ठेवा. खालच्या भाजीच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, लाइट गेली की त्या थंडावा धरून ठेवतात. दारात काही नाही. दुपारचा डबा आणि रक्ताचे नमुने तर नाहीच नाही, निरीक्षक पहिल्यांदा तेच बघतो. शक्य असेल तर औषधांसाठीचा फ्रिज घ्या. त्याचं बिल अर्जाला जोडायला लागतंच.

थर्मामीटरचा सेन्सर मधल्या कप्प्यात औषधांच्या शेजारी हवा. सकाळी आणि संध्याकाळी आकडा लिहायचा, सोबत त्या वेळातला किमान आणि कमाल. महिन्याच्या पानावर सलग साठ वेळा "४ अंश" असं एकाच पेनाने लिहिलेलं दिसलं की ते कोणी खरं मानत नाही, आणि मानूही नये.

महावितरणचं शटडाऊन असेल तेव्हा फ्रिजचं दार उघडायचं नाही. हॉस्पिटलला जनरेटर असतो, पण मेडिकलचा फ्रिज जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा प्रत्यक्ष मेन स्विच पाडून तपासून घ्या. बऱ्याच ठिकाणी नसतो, कारण ते मेडिकल नंतर झालेलं असतं. माल हलवावाच लागला तर कोल्ड बॉक्समध्ये बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढल्या काढल्या ठेवू नका. बाहेर ठेवून त्यांना घाम सुटला आणि हलवल्यावर आतलं पाणी खळखळलं, की मग. धनुर्वात आणि हिपॅटायटिस-बीच्या लसी एकदा गोठल्या की गेल्या. परत वितळल्यावर वरून चांगल्याच दिसतात, म्हणून ते जास्त धोक्याचं. गोठलेलं इन्सुलिनही वापरायचं नाही.

फार्मासिस्ट किती

डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं. "प्रत्यक्ष" म्हणजे तो खोलीत हवा. मोबाइलवर उपलब्ध असून भागत नाही. आता गणित. चोवीस तास चालणारं मेडिकल आठवड्याला १६८ तास उघडं. एक माणूस आठवड्याला ४८ तास. भागाकार केला तर साडेतीन. सुट्ट्या, आजारपण, गणपतीत गावी जाणं धरलं तर चार जण लागतात, आणि पाच असतील तर झोप लागते. एका फार्मासिस्टच्या नावावर लायसन काढून रात्री वॉर्डबॉयच्या हातात किल्ली देणं, हा हॉस्पिटलच्या मेडिकलवरचा नेहमीचा शेरा आहे. परवडत नसेल तर लायसनच्या अर्जातच वेळ मर्यादित लिहा, रात्री काउंटर बंद ठेवा आणि रात्रीची गरज वॉर्डाच्या ठरलेल्या साठ्यातून भागवा. चोवीस तासांचा बोर्ड लावून रात्री फार्मासिस्ट नसणं, यापेक्षा हे कितीतरी बरं.

फार्मासिस्ट नेमताना महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी चालू आहे का, नूतनीकरण झालंय का, ते पाहा. कौन्सिलचं कार्यालय मुलुंडला आहे, ठाण्याहून एक स्टेशन, चौकशीला निमित्त नको. तो आधीच्या मेडिकलवरून मोकळा झालाय का, हेही तपासा. एक माणूस एकाच वेळी दोन दुकानांवर दाखवता येत नाही, आणि ऑनलाइन यंत्रणेत जुनं नाव निघालं नसेल तर तुमचा अर्ज तिथेच अडतो. नेमलेला माणूस सोडून गेला तर एका महिन्यात कळवायचं, पण नवा येईपर्यंत चिठ्ठीवरची विक्री चालू ठेवता येते असा त्याचा अर्थ नाही. ड्यूटीवर पांढरा कोट आणि नावाचा बिल्ला. नोंदणी प्रमाणपत्र आणि लायसन दोन्ही ग्राहकाला दिसेल असं लावा.

कपाट आणि रजिस्टर

शेड्यूल एक्सचं कपाट फक्त त्याच औषधांसाठी. त्यात कॅश, चेकबुक, महागडी स्टेंट असं काही नको. किल्ली ड्यूटीवरच्या फार्मासिस्टकडे, शिफ्ट बदलताना मोजून सही करून द्यायची. रजिस्टर बांधीव, पानांवर छापील क्रमांक, प्रत्येक औषधाला वेगळी पानं. रकाने: तारीख, आलेली संख्या, पुरवठादाराचं नाव-पत्ता आणि लायसन नंबर, खरेदी बिलाचा नंबर, दिलेली संख्या, कंपनी, बॅच, रुग्णाचं नाव-पत्ता, चिठ्ठीचा क्रमांक, फार्मासिस्टची सही. शिल्लक वेगळ्या रकान्यात ठेवली तर रोजची मोजणी सोपी जाते. चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक तुमच्याकडे दोन वर्षं.

केटामीन आणि फेंटानिलची खरी गळती उरलेल्या औषधात होते. फेंटानिलच्या २ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं. रुग्णाला ६० दिलं तर ४० उरलं, त्याचं काय झालं? दोन सह्यांनिशी टाकल्याची नोंद करा, रिकामं ॲम्प्यूल परत आल्याशिवाय नवं द्यायचं नाही.

शेड्यूल एच-१ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्सिम, सेफ्ट्रायाक्सोन, मेरोपेनेम, लेव्होफ्लॉक्सासिन, ट्रामाडोल, अल्प्राझोलाम, मिडाझोलाम, क्षयरोगाची औषधं, म्हणजे आयसीयूच्या रोजच्या वापरातलं बरंच काही. यांचं वेगळं रजिस्टर: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, संख्या. तीन वर्षं जपायचं. सॉफ्टवेअर हे रजिस्टर आपोआप काढतं, पण आयपीडी बिलात डॉक्टरच्या जागी हॉस्पिटलचंच नाव येत असेल तर रजिस्टर निरुपयोगी. सॉफ्टवेअर घेतानाच विक्रेत्याकडून एच-१ चा रिपोर्ट छापून बघा. क्षयरोगाची औषधं दिलेल्या रुग्णांची माहिती शासनाला कळवणंही २०१८ पासून बंधनकारक आहे.

चिठ्ठीवर एक ब्रँड आणि शेल्फवर दुसरा असेल, तर एच आणि एक्समधल्या औषधांत फार्मासिस्टने स्वतःच्या मनाने बदल करायचा नाही, घटक तोच असला तरीही. डॉक्टरला फोन करून चिठ्ठी बदलून घ्या. हॉस्पिटलमध्ये हे सोपं आहे, डॉक्टर दोन मजल्यांवर असतो.

सॅम्पल आणि एक्सपायरी

"फिजिशियन्स सॅम्पल, विक्रीसाठी नाही" लिहिलेलं औषध मेडिकलच्या जागेत असायलाच नको. विकलं नाही, फक्त ठेवलं होतं, हा खुलासा चालत नाही. हॉस्पिटलमध्ये हे नकळत होतं: एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) इन्सुलिन पेनची सॅम्पलं देतो, डॉक्टर म्हणतात "मेडिकलच्या फ्रिजमध्ये ठेव", आणि ती तिथे सहा महिने राहतात. कन्सल्टंट्सना एकदा लेखी कळवून टाका आणि ओपीडीत छोटा फ्रिज घ्या. ईएसआय किंवा शासकीय पुरवठ्याचा शिक्का असलेल्या मालाचंही हेच.

मुदत संपलेला माल रॅकवरून काढून वेगळ्या बंद खोक्यात, वर ठळक "विक्रीसाठी नाही". तो कंपनीला परत करायची प्रक्रिया सुरू असली पाहिजे, सोबत यादी आणि पत्रव्यवहार हवा. परत न जाणारी औषधं २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत. केमोची औषधं असतील तर त्यावर वेगळं सायटोटॉक्सिक लेबल. दर महिन्याच्या एक तारखेला पुढच्या तीन महिन्यांत संपणारा माल बाजूला काढा, आणि वॉर्डातली कपाटं व क्रॅश कार्ट त्याच दिवशी तपासा. एक्सपायर झालेलं अॅड्रेनलिन मेडिकलमध्ये कधीच सापडत नाही, ते सापडतं क्रॅश कार्टच्या खालच्या खणात.

डिस्चार्जला परत आलेल्या औषधांत फ्रिजमधली परत घेऊ नका. वॉर्डात ती कुठे ठेवली होती, कोणी सांगू शकत नाही. इतर औषधं बॅच आणि मुदत दिसत असेल तरच. म्हणून स्ट्रिप कापताना बॅच-मुदतीचा तुकडा शेवटपर्यंत राखायचा. सुट्या गोळ्यांची किंमत एमआरपीच्या प्रमाणात, त्याहून जास्त नाही. काउंटरजवळ किमतींची यादी आणि रुग्णाने इथूनच औषध घ्यावं अशी सक्ती नाही, असा फलक दिसेल असा लावा. असा फलक लावायला अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) हॉस्पिटलच्या मेडिकलना सांगितलं आहे. तो जाहिरातीच्या स्टँडमागे गेला असेल तर लावला नाही असंच धरतात.

तपासणी आणि पुढची पाच वर्षं

लायसन देण्याआधी निरीक्षक जागेवर येतो. त्या दिवशी फार्मासिस्ट मूळ प्रमाणपत्रासह हजर, फ्रिज चालू, कपाटाला कुलूप, बोर्ड लावलेला, आणि रॅकवर एकही औषध नाही. लायसन येण्याआधी माल भरणं हा उत्साह महागात पडतो. आलेला पहिला माल २० बी, २१ बी असलेल्या स्टॉकिस्टकडूनच आणि बिलावर त्याचा लायसन नंबर व बॅच असलाच पाहिजे.

फॉर्म ३५ ची तपासणी वही काउंटरखाली तयार ठेवा. निरीक्षकाने नमुना घेतला तर फॉर्म १७ ची प्रत, माल जप्त केला तर फॉर्म १६ ची पावती, माल विकू नका असा आदेश दिला तर फॉर्म १५. या तिन्ही कागदांवर सही करण्याआधी बॅच आणि संख्या स्वतः ताडून बघा. लायसन निलंबित किंवा रद्द करण्याआधी कारणे दाखवा नोटीस येते. तिला मुदतीत, मुद्द्याला धरून आणि पुराव्यासह उत्तर द्या. आदेश झालाच तर तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर लायसनला शेवटची तारीख नाही, पण दर पाच वर्षांनी ते टिकवण्याचं शुल्क भरायचं असतं. उशीर झाला तर महिन्याला शुल्काच्या दोन टक्के दंड, तोही सहाच महिने. त्यानंतर लायसन आपोआप रद्द धरलं जातं. शुल्काची तारीख फायर एनओसी आणि नर्सिंग होम नोंदणीच्या तारखांच्या यादीतच लिहून ठेवा, आणि ती यादी हॉस्पिटलच्या ॲडमिनकडे द्या. फार्मासिस्टच्या डायरीत नको, तो तोवर नोकरी बदललेला असेल.